कापसाची गाठ आणि समुद्राचे भाडे

आदिलाबादच्या बाजार समितीच्या यार्डात कापसाच्या गाड्या लागल्या की पहिला वाद पेटतो तो ओलाव्याचा. भारतीय कापूस महामंडळाचा नियम इथे सगळ्यांना पाठ आहे. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव, पुढे १२ टक्क्यांपर्यंत दरात कपात, आणि १२ च्या वर गेला की गाडी परत. यंत्र ढिगात खुपसतात, आकडा सगळ्यांदेखत उमटतो, आणि बेला, जैनद, तांसी या मराठी बोलणाऱ्या मंडलांतला शेतकरी त्या आकड्यावर हुज्जत घालू शकतो. दर, वजन, ओलावा, हमाली या सगळ्यांना नियम आहेत. नियम मोडला तर दाद मागायला ठिकाण आहे.

तोच कापूस जिनिंगमध्ये जातो, सरकी वेगळी होते, रुईची १७० किलोची गाठ बांधली जाते आणि ती कंटेनरात चढते. इथून पुढे कारभार बदलतो. जहाजाचे भाडे किती, त्यावर कोणकोणते अधिभार, जहाज आले नाही तर जबाबदार कोण, हे ठरवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्या आहेत. कंटेनर वाहतुकीच्या क्षमतेपैकी ८० टक्क्यांहून अधिक वाटा पहिल्या दहा कंपन्यांच्या हातात आहे. या कंपन्यांत खरी स्पर्धा आहे की नाही आणि नसेल तर ती राखायची कोणी, या प्रश्नाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात कापूस आणि मुंबई वारंवार येतात. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या जिल्ह्यालाही त्याचा हिशेब चुकत नाही.

पैनगंगेकाठचा हिशेब

पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा. नदीच्या दोन्ही काठांवर काळी जमीन एकच, पीक एकच आणि बाजारही बराचसा एकच. आदिलाबादची गाठ देशातल्या सूतगिरण्यांकडे जाते आणि निर्यातदाराच्या हातून परदेशीही जाते. निर्यातीचा कंटेनर नागपूर किंवा हैदराबादच्या बाजूने बंदराकडे निघतो. भारतीय कापसाचे मोठे गिऱ्हाईक बांगलादेश आहे.

भाड्याचा शेतकऱ्याशी संबंध काय, हे एका साध्या हिशेबाने पाहू. चाळीस फुटी कंटेनरात सुमारे १५० गाठी, म्हणजे २५,५०० किलो रुई बसते. समजा भाडे कंटेनरमागे १,००० डॉलरने वाढले आणि डॉलर ८५ रुपयांचा धरला. कंटेनरवर ८५,००० रुपयांचा बोजा वाढला, म्हणजे रुईच्या किलोमागे ३ रुपये ३३ पैसे. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ किलो रुई निघते. म्हणजे शेतकऱ्याच्या क्विंटलमागे सुमारे ११० रुपये. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५ मध्ये ७,५२१ रुपये होता, २०२५-२६ मध्ये तो ८,११० झाला. सरकारने वर्षभरात दिलेल्या ५८९ रुपयांच्या वाढीतला जवळपास पाचवा हिस्सा भाड्याची एवढी एक उसळी खाऊ शकते.

हा सगळा बोजा शेतकऱ्यावरच पडेल असे नाही. काही खरेदीदार सोसेल, काही निर्यातदार. पण तिघांत ज्याला थांबता येत नाही त्याच्या वाट्याला जास्त येते. घरात कापूस साठवायला जागा नसलेला आणि कर्जाची तारीख जवळ आलेला शेतकरी थांबू शकत नाही.

हिशेबाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. जहाजाचे भाडे वाढते तेव्हा अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलियातून येणारा कापूसही महाग पडतो आणि इथल्या शेतकऱ्याला थोडा आडोसा मिळतो. केंद्राने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरील ११ टक्के आयात शुल्क काढले आणि ती सूट पुढे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली, तेव्हा हा आडोसा आणखी महत्त्वाचा झाला. म्हणून भाडे स्वस्त असावे एवढीच मागणी करणे अपुरे आहे. भाडे कशामुळे वाढले हे दिसले पाहिजे. मागणी वाढली, जहाजे कमी पडली, इंधन महागले म्हणून वाढले असेल तर तो बाजार आहे. चार कंपन्यांनी बसून वाढवले असेल तर ती लूट आहे. दोन्हींतला फरक ओळखणे हे स्पर्धा-नियमनाचे काम.

जुने संघ, जुनी युक्ती

१८६९ मध्ये सुवेझ कालवा खुला झाला, वाफेची जहाजे वाढली आणि माल कमी, जहाजे जास्त अशी अवस्था आली. दर कोसळू लागले. त्यावर ब्रिटिश जहाज कंपन्यांनी १८७५ मध्ये कलकत्त्याच्या व्यापारासाठी पहिला संघ उभारला. अशा संघांना लाइनर कॉन्फरन्स म्हणत. सदस्य कंपन्या एकच दर ठरवत, फेऱ्या वाटून घेत आणि नव्या कंपनीला शिरू देत नसत.

त्यांचे खरे हत्यार होते राखून ठेवलेली सूट. व्यापाऱ्याने ठराविक काळ, बहुधा सहा महिने, फक्त संघाच्या जहाजांतून माल पाठवायचा. त्याबद्दल भाड्याची काही टक्के रक्कम परत मिळे, पण लगेच नाही. पुढचे सहा महिनेही तो एकनिष्ठ राहिला तरच ती हाती पडे. मध्ये एक खेप जरी बाहेरच्या जहाजातून पाठवली तरी साचलेली सगळी सूट बुडाली. व्यापाऱ्याचेच पैसे त्याच्या पायातली बेडी होत. बाहेरचा जहाजवाला कितीही स्वस्त दर देवो, त्याच्याकडे जायची हिंमत कोणी करत नसे.

या पद्धतीला इंग्लंडच्या न्यायालयात आव्हान मिळाले. चीनहून चहा नेणाऱ्या मोगल स्टीमशिप कंपनीने संघाविरुद्ध दावा लावला. डिसेंबर १८९१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फेटाळला. स्वतःच्या फायद्यासाठी कंपन्यांनी एकत्र येऊन प्रतिस्पर्ध्याला हटवणे बेकायदा नाही, असा त्याचा अर्थ झाला. संघांना जणू परवानाच मिळाला.

मुंबईने दिलेल्या दोन लढती

त्यानंतर दोनच वर्षांत मुंबईतून पहिले आव्हान उभे राहिले. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ पासून नागपुरात चालू होती, ती वऱ्हाडच्या कापसाच्या जवळ राहावी म्हणूनच. मुंबईहून चीन-जपानला जाणाऱ्या सूत-कापसाच्या वाहतुकीवर पी अँड ओ ही ब्रिटिश कंपनी आणि तिच्या साथीदार कंपन्यांचा संघ यांचा ताबा होता. टाटा १८९३ मध्ये जपानला गेले, निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीशी बोलणे केले आणि भाड्याने जहाजे घेऊन टाटा लाइन सुरू केली. त्याच वर्षी त्या जपानी कंपनीची मुंबई-जपान फेरी सुरू झाली. तिचा मुख्य माल कापूस होता.

टाटांनी टनामागे १२ रुपये दर लावला. संघाने उत्तरादाखल आपला दर २ रुपयांच्याही खाली पाडला. हा दर धंद्याचा नव्हताच, तो फक्त टाटांना बुडवण्यासाठी होता. टाटांनी ‘द वॉर ऑफ फ्रेट्स’ नावाची पुस्तिका काढून सरकारपुढे गाऱ्हाणे मांडले. पण तेव्हा ऐकणारा कायदा नव्हता. व्यापारीही एकेक करून स्वस्त दराकडे वळले, आणि दोन वर्षांच्या आत टाटा लाइन गुंडाळावी लागली.

दुसरी लढत वालचंद हिराचंदांची. सोलापुरात जन्मलेल्या वालचंदांनी नरोत्तम मोरारजी आणि इतरांबरोबर सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. तिचे ‘लॉयल्टी’ जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून निघाले. आजही ५ एप्रिल राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश कंपन्यांनी दरयुद्ध पुकारले. सिंदिया बुडाली नाही, पण १९२३ मध्ये तिला दहा वर्षांचा करार करून, स्वतःच्या वाढीवर मर्यादा घालून तग धरावा लागला. त्या सुमारास नेमलेल्या इंडियन मर्कंटाइल मरीन समितीने राखीव सुटीची पद्धत बंद करावी असे सुचवले. १९२८ मध्ये एस. एन. हाजी यांनी किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्याचे विधेयक केंद्रीय विधिमंडळात मांडले. सरकारी विरोधापुढे ते कायदा होऊ शकले नाही.

दोन्ही लढतींचा धडा एकच. बलाढ्य संघापुढे एकटा धाडसी उद्योजक पुरत नाही, त्याच्या पाठीशी कायदा लागतो.

सवलतींचे शतक

स्वातंत्र्यानंतर विकसनशील देशांनी वेगळा मार्ग धरला. संघ मोडण्याऐवजी त्यांत वाटा मागायचा. संयुक्त राष्ट्रांच्या लाइनर कॉन्फरन्स आचारसंहितेत माल ४०:४०:२० असा वाटण्याचे सूत्र आले. दोन्ही टोकांच्या देशांच्या जहाजांना प्रत्येकी ४० टक्के, उरलेले तिसऱ्या देशाला. १९७४ मध्ये ही संहिता संमत झाली, पण अंमलात यायला १९८३ उजाडले. तोवर कंटेनर आला होता आणि बाजाराचे रूप पालटले होते.

श्रीमंत देशांनी संघांना स्पर्धा कायद्यातून सूट दिली. अमेरिकेने १९१६ च्या कायद्याने सूट दिली, पण करार सरकारदरबारी दाखल करण्याची अट घातली. १९८४ आणि १९९८ च्या कायद्यांनी संघांची पकड सैल केली. युरोपीय संघाने ऑक्टोबर २००८ पासून संघांची सूट काढून टाकली. एकत्र दर ठरवणे तिथे बेकायदा झाले. जहाजांतील जागा वाटून घेण्याच्या करारांना मात्र वेगळी सूट राहिली.

पुढची पायरी म्हणजे आघाड्या. २०१३ मध्ये मर्स्क, एमएससी आणि सीएमए सीजीएम या तीन बड्या कंपन्यांनी एकत्र जाळे उभारण्याचे ठरवले. अमेरिकेने आणि युरोपने अडवले नाही, पण चीनने जून २०१४ मध्ये नकार दिला आणि बेत बारगळला. एका मोठ्या आयात-निर्यात करणाऱ्या देशाचा नियामक ठाम राहिला तर जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांना मागे हटावे लागते, हे त्यातून सिद्ध झाले.

मग कोविड आला. पूर्व-पश्चिम मुख्य मार्गांवर आधारलेला ड्र्यूरी या सल्लागार संस्थेचा भाडे-निर्देशांक २०१९ मध्ये चाळीस फुटी कंटेनरमागे सरासरी १,४०० डॉलरच्या आसपास होता. सप्टेंबर २०२१ मध्ये तो १०,३७७ डॉलरवर पोचला. मर्स्कने २०२२ मध्ये २९.३ अब्ज डॉलर निव्वळ नफा कमावला. अमेरिकेने जून २०२२ मध्ये कायदा सुधारला. कंटेनर उशिरा परत केल्याबद्दल लावलेला आकार वाजवी आहे हे आता कंपनीने सिद्ध करायचे, आणि बिलात ठराविक तपशील नसेल तर पैसे द्यायची गरज नाही. युरोपीय आयोगाने जागावाटपाच्या करारांची सूट २५ एप्रिल २०२४ नंतर वाढवली नाही. थोडक्यात, ज्या देशांनी शंभर वर्षे सवलती दिल्या तेच आता त्या मागे घेत आहेत.

भारताचा कायदा कुठे उभा आहे

भारतात २००२ चा स्पर्धा कायदा आहे आणि त्याच्या अंमलबजावणीची कलमे मे २००९ पासून लागू झाली. कलम ३ नुसार प्रतिस्पर्ध्यांनी मिळून दर ठरवणे, पुरवठा आवळणे, बाजार वाटून घेणे हे घातकच मानले जाते. कलम ३२ मुळे परदेशात शिजलेल्या कटाचा परिणाम भारतात होत असेल तर भारतीय स्पर्धा आयोग तिथवरही हात घालू शकतो.

जहाज कंपन्यांना या कायद्यातून एक सवलत होती. जागावाटपाच्या करारांना केंद्राने डिसेंबर २०१३ मध्ये कलम ३ मधून एका वर्षाची सूट दिली आणि पुढे ती वाढवत नेली. ४ जुलै २०१८ ला ती तीन वर्षांसाठी मिळाली आणि जुलै २०२१ मध्ये तिची मुदत संपली. सूट होती तेव्हाही तिला अट होती. दर ठरवणे, क्षमता आवळणे, गिऱ्हाइके वाटून घेणे यांतले काही करारात नको, आणि कराराची प्रत नौवहन महासंचालकांकडे द्यायची.

यातला भेद समजून घेतला पाहिजे. तीन मालवाहतूकदारांचे ट्रक अर्धे रिकामे धावत असतील आणि त्यांनी एकाच ट्रकमध्ये तिघांचा माल भरला तर डिझेल वाचते, यात कोणाचे नुकसान नाही. पण त्याच तिघांनी ठरवले की या हंगामात ट्रकच कमी काढू आणि गिऱ्हाइकाला एकच दर सांगू, तर ती फसवणूक. समुद्रावरही जागा वाटून घेणे ठीक, पण जागा वाटता वाटता कोणते जहाज रद्द करायचे याची बोलणी होतात आणि तिथेच सीमा पुसट होते.

एक निकाल, जवळून

भारतीय स्पर्धा आयोगाने सागरी वाहतुकीत दात दाखवले ते जानेवारी २०२२ मध्ये. प्रकरण मोटारगाड्या वाहून नेणाऱ्या खास जहाजांचे होते. निप्पॉन युसेन कैशा, के लाइन, मित्सुई ओएसके आणि निस्सान मोटर कार कॅरिअर या चार जपानी कंपन्यांनी एकमेकींचा ‘मान राखायचा’ असा अलिखित नियम पाळला होता. एखाद्या वाहन उत्पादकाचे काम ज्या कंपनीकडे आहे ते तिच्याकडेच राहू द्यायचे. निविदा निघाली तर इतरांनी बोली लावायची नाही, किंवा लावलीच तर मुद्दाम चढी. त्यासाठी बैठका, ई-मेल, फोन चालत आणि दरांची माहिती एकमेकींना दिली जाई.

हे उघड झाले कारण त्यांच्यातल्याच कंपन्या फुटल्या. पहिली माहिती देणाऱ्या निप्पॉन युसेनला दंडात १०० टक्के सूट मिळाली, मित्सुईला ५० आणि निस्सानला ३० टक्के. के लाइनला २४.२३ कोटी, मित्सुईला १०.१२ कोटी आणि निस्सानला २८.६९ लाख रुपये दंड झाला. सगळा मिळून ३५ कोटींच्या आत. याच धंद्यातल्या कटासाठी युरोपीय आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये चार कंपन्या-समूहांना मिळून ३९.५ कोटी युरोंचा दंड केला होता.

नावे पुन्हा वाचा. १८९३ मध्ये टाटांच्या बरोबरीने मुंबईत संघाविरुद्ध उतरलेली निप्पॉन युसेन आणि २०२२ च्या निकालातली निप्पॉन युसेन एकच. बाहेर असताना स्पर्धा मागणारी कंपनी आत आल्यावर कुंपण घालते. म्हणून कोणत्याही कंपनीच्या चांगुलपणावर व्यापार सोपवता येत नाही. उद्या भारतीय ध्वजाची मोठी कंपनी उभी राहिली तरी हा नियम तिलाही लागू असेल.

२०२३ च्या दुरुस्तीने दंडाची ताकद वाढवली. आता दंड कंपनीच्या जागतिक उलाढालीवर मोजता येतो. एका कटाची माहिती देताना दुसऱ्याचीही दिली तर जास्तीची सूट मिळते. जगभर धंदा करणाऱ्या जहाज कंपनीला हा बदल लागण्यासारखा आहे.

कंपन्यांची बाजू

जहाज कंपन्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. जहाज बांधायला दोन-तीन वर्षे लागतात, मागणी मात्र महिन्यात बदलते. दर कोसळले की कंपन्या बुडतात. कोरियाची हानजिन ऑगस्ट २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा तिची जहाजे मालासकट समुद्रावर अडकून पडली. अमेरिकेच्या फेडरल मेरिटाइम कमिशननेही मे २०२२ च्या अहवालात कोविडकाळातल्या दरवाढीचे मुख्य कारण मागणी आणि बंदरांतली कोंडी असल्याचे म्हटले. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले, जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि खर्च खरोखर वाढला.

हे सगळे मान्य करूनही एक गोष्ट उरते. अमेरिकेत हे म्हणणे तपासून पाहता आले, कारण तिथे करार आणि आकडे सरकारकडे दाखल होतात. भारतात ते कशावर तपासायचे? बंदरांच्या दरांवर १९९७ पासून एक प्राधिकरण होते, तेही २०२१ च्या बंदर कायद्याने संपले. जहाजाचे भाडे तर कोणत्याच नियामकाच्या कक्षेत नव्हते. त्यातच बड्या जहाज कंपन्यांचे समूह न्हावाशेवाच्या टर्मिनलांतही भागीदार आहेत. जहाज त्यांचे आणि धक्काही त्यांचा, अशा ठिकाणी कोणता आकार कशाचा हे बाहेरच्याला कळणे अवघड.

सरकारचा भर स्वदेशी जहाजांवर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये भावनगरला पंतप्रधानांनी सांगितले की पन्नास वर्षांपूर्वी देशाचा ४० टक्के व्यापार भारतीय जहाजांतून होई, आता तो ५ टक्क्यांवर आला आहे आणि वर्षाला ७५ अब्ज डॉलर परदेशी जहाजांना जातात. स्वतःची जहाजे हवीतच. पण ती येईपर्यंत आणि आल्यावरही भाड्याचा जमाखर्च कोणीतरी पाहावा लागेल. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशाने भारतीय सुताची जमिनीवरून होणारी आयात थांबवली आणि सुताला समुद्राचीच वाट उरली. कापूसपट्ट्याचे समुद्रावरचे अवलंबन वाढत चालले आहे.

काय व्हायला हवे

नवा भलामोठा नियामक नको, आणि सरकारने भाडे ठरवून द्यावे असेही नाही. चार गोष्टी पुरेशा आहेत. एक, भारतीय बंदरांना लागू असलेला प्रत्येक जागावाटपाचा करार नौवहन महासंचालकांकडे दाखल व्हावा आणि त्याचा गोषवारा जाहीर व्हावा. सरसकट सूट पुन्हा देऊ नये. दोन, कोणत्या मार्गावर किती फेऱ्या ठरल्या आणि किती रद्द झाल्या, हे दर महिन्याला प्रसिद्ध व्हावे. तीन, टर्मिनल हाताळणी, डिटेन्शन म्हणजे कंटेनर उशिरा परत केल्याचा आकार, हंगामी अधिभार यांच्या बिलात काय असावे याचा किमान नमुना कायद्याने ठरवावा आणि आकार वाजवी असल्याचे सिद्ध करणे कंपनीवर टाकावे. चार, स्पर्धा आयोगाने कंटेनर भाड्याचा बाजार-अभ्यास हाती घ्यावा आणि त्यात मुंबई-मुंद्राबरोबर आदिलाबाद, यवतमाळ, नांदेडसारख्या आतल्या जिल्ह्यांतल्या निर्यातदारांनाही विचारावे.

यातले शेवटचे काम आपल्याकडूनही सुरू होऊ शकते. स्पर्धा कायद्याच्या कलम १९ नुसार कोणतीही व्यक्ती, ग्राहक वा व्यापारी संघटना आयोगाकडे माहिती दाखल करू शकते. जिनिंगवाल्यांच्या संघटना, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि निर्यातदार यांनी तीन हंगामांची भाड्याची बिले, रद्द झालेल्या जहाजांच्या सूचना आणि अधिभारांचे तपशील एकत्र करून ठेवावेत. दोन-चार कंपन्यांनी एकाच आठवड्यात सारखीच दरवाढ जाहीर केलेली दिसली तर ती तारखेसह नोंदवावी. ओरड कितीही केली तरी आयोगाला कागद लागतो. तो कागद जमवायला पैनगंगेच्या दोन्ही काठांच्या लोकांनी याच हंगामापासून लागावे.